साथीच्या दिवसांतील घर, गांव आणि वेस

मुंबईंत तीस वर्षें नोकरी केलेल्या गृहस्थाला ‘आपलें गांव कोणतें?’ असें विचारलें, तर तो सहसा मुंबईचें नांव घेत नाहीं. तो संगमेश्वर सांगतो, पाटण सांगतो, जुन्नर सांगतो. मुंबईंत त्याची खोली असते, बिऱ्हाड असतें, मुलांची शाळा असते. गांव मात्र दुसरीकडे असतें. उलट, त्या गांवीं तो गेला म्हणजे तेथील मंडळी त्याला ‘मुंबईकर’ म्हणून हांक मारतात. एरवीं या दोन नांवांत कांहीं विरोध आहे असें कोणास वाटत नाहीं. सणावारीं गाडींत बसावें, चार दिवस राहावें आणि परत यावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. परंतु साथ आली म्हणजे हाच साधा प्रश्न निकराचा होऊन बसतो. आपलें ठिकाण कोणतें? आपणांस कोठें राहूं देतील? कोणतें दार आपल्यासाठीं उघडेल?

भूकंप झाला तर घरें कोसळतात, पूर आला तर शेतें वाहून जातात. साथीच्या रोगांत एक वीटहि जागची हालत नाहीं. रस्ता तोच, विहीर तीच, जिना तोच. तरीहि माणसाच्या मनांतील नकाशा पार बदलून जातो. काल जो जिना ओळखीचा होता, तो आज भयाचा होतो. काल जें माळरान ओसाड म्हणून टाकून दिलेलें होतें, तेंच आज आसरा होतें. हा पालट कसा होतो आणि साथ ओसरल्यावर त्यांतील काय मागें उरतें, हें पाहावयाचें असेल, तर १८९६ च्या प्लेगाइतकें बोलकें उदाहरण महाराष्ट्रांत दुसरें सांपडावयाचें नाहीं.

त्या वर्षीं सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगाचे रोगी प्रथम ओळखले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली, धान्याच्या वखारींनीं व दाट वस्तीनें भरलेली पेठ. या रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं, १८९४ सालीं, येर्सिन या शास्त्रज्ञानें हाँगकाँग येथें शोधून काढला होता. परंतु तो माणसाच्या शरीरांत कोणत्या वाटेनें शिरतो, याचा उलगडा झालेला नव्हता. त्या काळच्या पुष्कळ जाणत्यांची समजूत अशी कीं, रोग जागेंत असतो. ओल, अंधार, कुजलेली माती आणि तुंबलेली मोरी यांत तो दडून बसतो व तेथून माणसावर झडप घालतो. त्यामुळें उपचार सुरू झाले ते माणसांइतकेच घरांवर.

ते उपचार पाहिले म्हणजे घर हाच रोगी मानला होता कीं काय, असें वाटूं लागतें. भिंतींना चुना फांसला, मोऱ्यांतून कार्बोलिक ॲसिडचे लोट सोडले, अंधाऱ्या खोल्यांत ऊन पडावें म्हणून छपरावरील कौलें उतरविलीं, गाद्या-गोधड्या बाहेर काढून जाळल्या. जें घर राहण्यास नालायक ठरे, त्याच्या भिंतीवर ‘यू. एच. एच.’ हीं तीन इंग्रजी अक्षरें रंगविलीं जात. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. इंग्रजी वाचतां न येणाऱ्यालाहि तो लवकरच समजूं लागला. ज्या खोलींत मुलाचें बारसें झालें, जेथें दिवाळीचा दिवा लागला, ती खोली एका सकाळीं मनुष्यवस्तीस अयोग्य ठरली. वास्तविक ती आदल्या दिवशींहि तितकीच अंधारी आणि तितकीच कोंदट होती. तिचें भाडें मात्र तोंपर्यंत दरमहा बिनबोभाट घेतलें जात होतें.

यानंतर शहर ओस पडूं लागलें. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ भरली होती. १८९७ च्या आरंभीं त्यांतील जवळ जवळ निम्मीं माणसें आगबोटींनीं, आगगाड्यांनीं, बैलगाड्यांनीं आणि पायींहि शहर सोडून गेलीं. तीं केवळ रोगाला भिऊन गेलीं असें नव्हे. उपचारालाहि तितकींच भ्यालीं होतीं. रोग्याला घरच्या माणसांतून उचलून नेतात आणि मग तो परत येत नाहीं, ही वार्ता चाळीचाळींतून पसरली होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें एक हजार गिरणीमजूर ऑर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. इस्पितळ ही बरें होण्याची जागा आहे, हें त्यांच्या मनांतून साफ पुसलें गेलें होतें. ज्या जागेंत आपल्या माणसाला जातां येत नाहीं, ती जागा कितीहि स्वच्छ असली तरी लोकांना ती आपली वाटत नाहीं, एवढा धडा त्या दंग्यांतून घेण्यासारखा होता.

गिरण्यांचे भोंगे वाजत राहिले, पण आंत जाणारे हात कमी झाले. मग मालकांनीं मजुरी वाढविली, महिन्याची मजुरी रोजच्या रोज देऊं केली. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून मजुरांसाठीं चढाओढीनें बोली लावण्यापर्यंत मजल गेली. कालपर्यंत ज्याची विचारपूस कोणी करीत नव्हतें, त्याची एकाएकीं किंमत वाढली. तरीहि पुष्कळ जण थांबले नाहींत. शहरानें त्यांना काम दिलें होतें. आजारी पडल्यास उशाशीं कोण बसेल, या प्रश्नाला मात्र शहराजवळ उत्तर नव्हतें. तें उत्तर गांवीं होतें, निदान त्यांना तसें वाटत होतें.

पण गांवाची वाटहि सोपी राहिली नव्हती. स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई, ताप असलेल्यास बाजूला काढून अडकवून ठेवीत. त्यापुढें गांवची शीव. महाराष्ट्रांत शिवेचा आणि साथीचा संबंध फार जुना आहे. पुष्कळ गांवीं मरीआईचें ठाणें वस्तीच्या कडेला असतें. पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत नेऊन पलीकडच्या गांवाच्या हद्दींत सोडण्याची चाल होती. त्या गांवानें तो पुढच्या गांवाच्या हद्दींत ढकलावा, असा तो प्रवास चाले. १८९७ सालीं मुंबईहून आलेल्या माणसाकडेहि पुष्कळ ठिकाणीं त्या गाड्याकडे पाहावें तसेंच पाहिलें गेलें. शहराच्या दृष्टीनें तो परगांवचा, गांवाच्या दृष्टीनें तो शहराचा. दोन ठिकाणें असलेल्या माणसाला त्या वर्षीं एकहि ठिकाण निश्चित राहिलें नाहीं.

मुंबईंत भय होतें तें इस्पितळाचें. पुण्यांत प्रश्न उंबरठ्याचा झाला. जुन्या वाड्याची रचना पाहिली म्हणजे हें ध्यानांत येतें. प्रथम दिंडीदरवाजा, मग चौक, मग ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर. कोणी कोठपर्यंत यावें याचे नियम लिहिलेले नसत, पण ते सर्वांस पाठ असत. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांसंबंधींचा कायदा मंजूर झाला आणि त्याच्या आधारें रँड यांच्या कमिटीनें पुण्यांत गोऱ्या सोजिरांकरवीं घरझडत्या सुरू केल्या. मार्चपासून मेपर्यंत त्या चालल्या. सोजिराला ओसरी आणि देवघर यांत भेद दिसत नव्हता. त्याच्या लेखीं दोन्ही तपासण्याच्या जागा. घरच्या माणसांना मात्र सोजिराच्या प्रत्येक पावलागणिक एकेक मर्यादा मोडल्यासारखी वाटे. सरकारला घर म्हणजे जंतूंचें वसतिस्थान दिसत होतें, लोकांना घर म्हणजे अब्रूचें स्थान. रोगी शोधणें अवश्य होतें यांत शंका नाहीं. पण तें कोणी आणि कोणत्या रीतीनें शोधावे, याचा विचार झाला नाहीं. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनीं रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तेथेंच मरण पावला, रँड ३ जुलैला. प्लेगाच्या इतिहासांतील हें पान सर्वांस ठाऊक आहे.

त्याच काळचें दुसरें एक पान तितकेंच महत्त्वाचें असून त्याची आठवण कमी निघते. पुण्याबाहेर मोकळ्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनीं प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला होता. त्यांच्या मातोश्री सावित्रीबाई स्वतः रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तींतील एका आजारी मुलास त्यांनीं पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें, असें सांगतात. या सेवेंतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. ज्या मुलाला गांवाच्या विहिरीवर जागा नव्हती, त्याला त्या माळावर जागा होती. लोक ज्या छावण्यांना भिऊन पळत होते, त्यांतली आणि या दवाखान्यांतली जमीन सारखीच उघडी होती. फरक होता तो तेथें कोण कोणाला आणतें याचा.

पुढें विज्ञानानें या सर्व प्रकरणावर वेगळाच प्रकाश टाकला. १८९८ सालीं पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराचींत प्रयोग करून असें दाखविलें कीं, प्लेग पसरतो तो उंदराच्या अंगावरील पिसवांमुळें. पुष्कळांनीं तें प्रथम मानलें नाहीं. १९०५ नंतर प्लेगाच्या संशोधनासाठीं नेमलेल्या मंडळानें मुंबईंत केलेल्या प्रयोगांनीं त्याला पुष्टि मिळाली, तेव्हां कोठें तें मत मान्य झालें. म्हणजे रोग भिंतींत नव्हता, भिंतींच्या आड राहणाऱ्या एका प्रवाशाच्या अंगावर होता. गंमत अशी कीं, दख्खनच्या खेड्यांतील माणसांनीं अनुभवानें हें अर्धें ओळखलें होतें. ‘उंदीर पडूं लागले’ म्हटलें कीं घराला कुलूप घालावें आणि रानांत जावें, हा त्यांचा नियमच झाला.

रानांतल्या त्या वस्त्या हा एक निराळाच अनुभव होता. कुडाच्या आणि गवताच्या झोंपड्या उभ्या राहत. जातें, हंडे, गुरें, देव्हाऱ्यांतील देव सारें तेथें येई. गांव डोळ्यांसमोर दिसे, पण तेथें चूल पेटत नसे. साथ लांबली तर महिनेच्या महिने असे जात. भिंती मागें राहिल्या तरी गांव सोबत आलें होतें, ही यांतील मोठी गोष्ट. शेजारी तेच, हांका त्याच. मात्र गांवाचे गुण सोबत आले तसे दोषहि आले. पुष्कळ ठिकाणीं उघड्या रानांतसुद्धां जातीजातींच्या झोंपड्या वेगळ्या पडल्या. मुंबईंत तर जातवार छावण्या आणि इस्पितळें निघालीं. माणूस घर सोडतो, पण मनांतील नकाशा गुंडाळून बरोबर नेतो, असा याचा अर्थ. १९२० च्या सुमारापर्यंत प्लेगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. ‘प्लेगाच्या सालीं’ हा शब्दप्रयोग घराघरांत वयें आणि लग्नें मोजण्याचें माप होऊन बसला.

साथ गेली, पण तिनें दिलेली दृष्टि राहिली. १८९८ सालीं मुंबईच्या सुधारणेसाठीं कायदा होऊन सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट मोहल्ले फोडून हवेला वाट करून द्यावी, हें त्याचें काम. नागपाड्यांतील वस्ती पाडून नव्यानें आंखली गेली. समुद्राचें वारें शहरांत खेळावें म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले गेले. उत्तरेकडे दादर-माटुंग्याच्या योजना आंखल्या गेल्या आणि पुढें तेथें हिंदु कॉलनी, पारशी कॉलनी अशा मोकळ्या वसाहती उठल्या. आज त्या झाडांच्या सावलींतून फिरणाऱ्याला आपण प्लेगानें आंखलेल्या रस्त्यावरून चाललों आहोंत याची आठवण राहत नाहीं. मजुरांसाठीं ट्रस्टनें चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं आयुष्याचीं अनेक वर्षें काढलीं. परंतु ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्या सर्वांना नव्या खोल्या मिळाल्या नाहींत. त्यांतील पुष्कळजण शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या घरांत शिरले. दाटी मोडली नाहीं, सरकली. हवा आणि उजेड हीं मुंबईंत भाड्यानें मिळणारीं वस्तु ठरलीं, आणि ज्याच्याजवळ पैसा कमी, त्याच्या वांट्याला तीं कमी आलीं.

१९११ च्या खानेसुमारींत असें दिसून आलें कीं, मुंबईंतील दर पांच माणसांपैकीं सुमारें चार माणसें शहराबाहेर जन्मलेलीं होतीं. म्हणजे पळून गेलेलें शहर पुन्हां भरलें तें बाहेरच्याच माणसांनीं. १९१८ सालीं इन्फ्लुएंझा आला. त्याला महाराष्ट्रांत मानमोडी असें नांव पडलें. तेव्हां ना उंदीर होते, ना पळण्यासाठीं रान. शहर आणि खेडें दोहोंनाहि त्यानें सारखेंच गांठलें. मग पुढें शंभर वर्षें हा विषय बहुतांशीं आजोबा-आजींच्या गोष्टींत जमा झाला.

९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत कोरोनाचे राज्यांतील पहिले रोगी आढळले आणि त्या गोष्टी पुन्हां खऱ्या झाल्या. त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें जो कायदा पुकारला तो १८९७ चाच, एकशें तेवीस वर्षांचा जुना. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. या वेळीं संशय भिंतींवर किंवा उंदरांवर नव्हता. शेजारच्या माणसाच्या श्वासावर होता. त्यामुळें घर हें रोगाचें स्थान न ठरतां रोगापासूनचा आसरा ठरलें. ‘घरींच राहा’ अशी आज्ञा झाली.

पण घर म्हणजे काय, याचें उत्तर सर्वत्र एक नव्हतें. ज्यांच्या घरांत चार खोल्या होत्या, त्यांच्या घरांत शाळा आली, कचेरी आली, गच्चीला मैदानाचें महत्त्व आलें. दहा फूट लांब-रुंद खोलींत सातआठ माणसें राहतात, त्यांचें घर मात्र त्या खोलींत कधींच मावलेलें नसतें. नळाची रांग, जिन्याची पायरी, सार्वजनिक संडास, कोपऱ्यावरचा चहा, रात्रपाळीमुळें रिकामी झालेली झोंपण्याची जागा, हें सारें मिळून त्यांचें घर होतें. खोलींत बसा म्हटल्याबरोबर तें घर चौथाईवर आलें. धारावींत १ एप्रिलला पहिला रोगी सांपडला, तेव्हां तेथें एकमेकांपासून दूर राहावें तर कोठें, हा प्रश्न उभा राहिला. अखेर शाळा, सभागृहें आणि क्रीडासंकुलें हातीं घेऊन रोग्यांसाठीं जागा करावी लागली. घराची उणीव सार्वजनिक जागेनें भरून काढली, आणि साथ आंवरण्यास तिचा मोठा उपयोग झाला.

ज्यांना एवढीहि जागा नव्हती, ते चालूं लागले. १४ एप्रिलला वांद्र्याच्या स्टेशनाजवळ शेंकडों मजूर जमले. त्यांचें मागणें एकच कीं, आम्हांला गांवीं जाऊं द्या. १ मेपासून मजुरांसाठीं खास गाड्या सुटूं लागल्या. पण सगळ्यांनाच त्या गांठतां आल्या नाहींत. जालन्याच्या कारखान्यांतून मध्य प्रदेशांतील आपल्या गांवांकडे निघालेले मजूर भुसावळची गाडी मिळावी म्हणून रुळांच्या कडेनें चालत होते. ८ मेच्या पहांटे करमाडजवळ ते थकून रुळांवरच निजले असतां त्यांतील सोळाजण मालगाडीखालीं सांपडून मेले. ज्यांनीं शहरांच्या इमारतींसाठीं पोलाद घडविलें, त्यांना त्या रात्रीं निजण्यास दुसरें ठिकाण नव्हतें.

जे पोंचले, त्यांच्यापुढें पुन्हां ती जुनी शीव उभी होती. कोंकणांत आणि घाटावर पुष्कळ गांवांनीं रस्त्यावर दगड आणि झाडें आडवीं टाकलीं, गांवबंदीचे फलक लावले. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याला गांवच्या शाळेंत दिवस काढावे लागले. ज्या वर्गांत तो मुळाक्षरें शिकला, त्याच वर्गांत तो परका म्हणून राहिला. खिडकींतून घराचीं कौलें दिसत होतीं आणि आई कुंपणापाशीं डबा ठेवून मागें सरत होती. गांवकऱ्यांना केवळ निर्दय म्हणून चालणार नाहीं. ज्या गांवाचा दवाखाना दहा कोसांवर, त्या गांवाला शिवेवांचून दुसरें औषध कोठलें? आणि अशींहि गांवें होतीं, जेथें शाळेंतल्या त्या माणसांना रोज गरम भाकरी गेली, रात्रीं बाहेरून का होईना कोणी गप्पा मारावयास बसलें. शीव दोन्ही ठिकाणीं होती. तिच्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातांत कोठें काठी होती, कोठें डबा.

‘गांव करी तें राव न करी’ अशी म्हण आहे. ती दोन्ही अर्थांनीं खरी आहे. गांव मनांत आणील तर एकाद्याला वेशीबाहेर ठेवील, मनांत आणील तर वेशीबाहेर ठेवूनहि त्याला आपला म्हणेल. १८९७ आणि २०२० या दोन्ही सालांनीं शिकविलें तें हेंच कीं, ठिकाण आपलें होतें तें केवळ जन्मानें नव्हे आणि केवळ भाडें भरल्यानेंहि नव्हे. वाईट दिवस आले असतां जेथें ‘तूं थांब, तुझी सोय आहे’ असें म्हणणारें कोणी असतें, तें माणसाचें ठिकाण.

तें म्हणण्याची तयारी साथ येण्यापूर्वीं करावी लागते. शहरानें आपल्या आश्रयाला कोण कोण आहे याची नोंद ठेवावी, त्यांच्या खोल्यांत हवा आणि उजेड आहे कीं नाहीं हें निरोगी दिवसांत पाहावें, संकटांत उघडतां येतील अशा सार्वजनिक इमारती राखाव्या. गांवानेंहि वेशीजवळ चार स्वच्छ खोल्या, पाणी आणि दिवा यांची तजवीज करून ठेवावी, म्हणजे येणाऱ्याला थांबवितांना त्याला हांकलून देण्याची पाळी येणार नाहीं. यांत मोठा खर्च आहे असें नाहीं. भय नसतांना भयाची आठवण ठेवणें, एवढेंच काय तें अवघड आहे.

तसें झालें तर कधीं काळीं मुंबईंतल्या त्या खोलींत राहणाऱ्या गृहस्थाला ‘आपलें गांव कोणतें?’ असें विचारल्यावर तो संगमेश्वरचें नांव घेईलच. पण त्यामागोमाग, जराहि न अडखळतां, मुंबईचेंहि घेईल.